‘स्वान लेक’ बघायला जाताय? मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या इकडे, म्हणजे इंग्लंडच्या मधोमध असलेल्या एका बेताच्या गावात, बरीच वर्षं थंडी पडली की रशियन बॅलेचा दौरा यायचा, आणि पोस्टर लागलं रे लागलं की मराठी ग्रुपवर माझ्या नावाने प्रश्न सुरू व्हायचे, कारण मी एकदा बोलून बसले होते की ‘स्वान लेक’ मी नऊ वेळा बघितलंय. तेच प्रश्न, तीच उत्तरं, टाइप करून बोटं दुखली म्हणून आता सगळं एका जागी लिहून ठेवतेय. मी डान्सर नाही, कुठे शिकलेली नाही, नुसती प्रेक्षक. पण मूळची सांगलीची आहे, त्यामुळे नाटक कंपनी गावात उतरली की काय काय होतं ते लहानपणापासून बघितलेलं, आणि खरं सांगू का, हा बॅले मला कळला तो त्या अंगानेच. मोठी कला वगैरे नंतर, आधी ती दौऱ्यावरची कंपनी आहे.

बॅले म्हणजे आपली नृत्यनाटिकाच ना?

साधारण हो. गोष्ट नाचातून सांगायची. फरक एवढाच की नृत्यनाटिकेत मागे कोणीतरी गात असतं आणि गाण्यातून गोष्ट कळते, इथे शब्दच नाही. एकही नाही. अडीच तास फक्त ऑर्केस्ट्रा आणि अंग. दुसरा फरक असा की आपला कथकवाला किंवा भरतनाट्यमवाला जमिनीशी दोस्ती करतो, पाय आपटतो, गुडघे वाकवून बसतो, आणि हे लोक सगळा जीव लावून जमीन आपली नाहीच असं दाखवत असतात. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं कळलं.

स्टोरी काय आहे? आधी वाचून जायचं का?

वाचूनच जा, सस्पेन्स काही नाही. राजपुत्र सिगफ्रीड, वयात आलेला, आई म्हणते उद्या पार्टी आहे त्यात मुलगी पसंत कर (ही आई आपल्या सगळ्यांच्या ओळखीची). तो वैतागून धनुष्यबाण घेऊन तळ्यावर जातो. तिथे हंसिणी. त्यांची राणी ओडेट, दुष्ट जादूगार रॉथबार्टने शाप दिलाय, दिवसा हंस आणि रात्री मुलगी. शाप सुटायचा तर कोणीतरी तिच्यावर प्रेमाची शपथ घ्यायची आणि ती मोडायची नाही. हा घेतो म्हणतो. दुसऱ्या दिवशी पार्टीत रॉथबार्ट आपली मुलगी ओडील हिला हुबेहूब ओडेटसारखी करून घेऊन येतो, फक्त काळ्या कपड्यात, आणि हा पठ्ठ्या सगळ्यांसमोर तिलाच शपथ देऊन मोकळा होतो. मग परत तळं, रडारड, वादळ, शेवट. शेवटाचं वेगळं सांगते, त्यात गंमत आहे.

मूळ चार अंक. दौऱ्यावर बहुतेक वेळा दोन-दोन अंक एकत्र करून मध्ये एकच इंटरव्हल ठेवतात.

बोलत नाहीत तर कळतं कसं? कोण कोणाला काय म्हणतंय?

जुन्या बॅलेत हाताच्या खुणा ठरलेल्या असतात, आपल्याकडच्या मुद्रांसारख्याच पण मोजून दहा-पंधरा. डोक्यावर दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले म्हणजे नाच. अंगठीच्या बोटाकडे बोट दाखवलं म्हणजे लग्न. चेहऱ्याभोवती हात फिरवला म्हणजे सुंदर. दोन बोटं वर म्हणजे शपथ, आणि ही एक खूण पाठच करा कारण सगळी गोष्ट त्या दोन बोटांवर आहे. मनगटं एकमेकांवर ठेवून मुठी खाली आणल्या म्हणजे मरण. इंग्लिश कंपन्या या खुणा अजून बऱ्याच ठेवतात, अगदी ओडेट ‘हे तळं माझ्या आईच्या अश्रूंचं आहे’ हेसुद्धा हातांनी सांगते. रशियन व्हर्जनमध्ये सोव्हिएत काळात हे बरंचसं कापून टाकलं, सगळं नाचातूनच सांगायचं म्हणून, त्यामुळे तिथे ओडेट आणि सिगफ्रीडची पहिली भेट म्हणजे नुसता पाठलाग आणि थरथर. मला दोन्ही आवडतात पण पहिल्यांदा बघणाऱ्याला रशियनमध्ये थोडं चुकल्यासारखं होतं, म्हणून स्टोरी वाचून जा म्हणतेय.

हे बोलशोय आहे का?

नाही हो. हा प्रश्न दरवर्षी पहिला. पोस्टरवर ‘रशियन’, ‘स्टेट’, ‘इम्पीरियल’, ‘रॉयल’ यातले दोन-तीन शब्द आणि एक हंस असला की लोकांना बोलशोय वाटतं. बोलशोय म्हणजे रशियनमध्ये ‘मोठं’, मॉस्कोतलं मोठं थिएटर. दुसरं मोठं नाव म्हणजे सेंट पीटर्सबर्गचं मारिन्स्की, सोव्हिएत काळात त्याचं नाव किरोव होतं. या दोन कंपन्या बाहेर यायच्या तेव्हा लंडन, न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी मोठ्या ऑपेरा हाउसात यायच्या. आपल्या गावात यायच्या त्या दुसऱ्या, कुणी सायबेरियातल्या शहराच्या थिएटरची कंपनी, कुणी खास दौऱ्यासाठीच उभी केलेली.

मी पहिल्या वर्षी हीच चूक केली. नवऱ्याला सांगितलं बोलशोय आलंय, महागातली तिकिटं काढली, साडी नेसून गेले, आणि पडदा वर गेला तर राजवाडा म्हणजे रंगवलेलं कापड, आणि राजपुत्राने खांबाला हात लावला तेव्हा खांब हलला. हलला म्हणजे अक्षरशः लाट गेली त्याच्यातून. नवरा माझ्याकडे बघतोय. आणि मला एकदम सांगलीची आठवण झाली, टेम्पोतून आलेला सेट, दुपारी लावायचा आणि रात्री उतरवून पुढच्या गावाला, महाल काय आणि तुळशीवृंदावन काय, वाऱ्याने हलायचंच. त्या क्षणापासून मी त्या कंपनीच्या बाजूची झाले. आज इथे, परवा तिसऱ्या गावात, शनिवारी दोन प्रयोग, आणि तरी संध्याकाळी साडेसातला ते तळं खरं वाटलं पाहिजे.

त्यामुळे बोलशोयची डीव्हीडी बघून तुलना करायला जाऊ नका. तिथे हंसिणींच्या रांगेत चोवीस-चोवीस मुली असतात, आपल्या गावच्या स्टेजवर सोळा मावल्या तरी खूप. तिथे तळ्यावरून यांत्रिक हंस सरकत जातात, इथे कधी जातात, कधी मध्येच अडकतात.

आता रशियन कंपन्या येतात का इकडे?

फेब्रुवारी २०२२ नंतर चित्र बदललं. युक्रेनवर हल्ला झाल्यावर लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसने त्या उन्हाळ्याचा बोलशोयचा सीझन रद्द केला, गावोगावच्या थिएटरांनीही रशियन दौऱ्यांचे प्रयोग काढून टाकले. ओल्गा स्मिर्नोव्हा, बोलशोयची मोठी बॅलेरिना, तिने युद्धाचा निषेध करून देश सोडला आणि ॲमस्टरडॅमच्या कंपनीत गेली. उलट बाजूला युक्रेनमधून बाहेर पडलेल्या डान्सर्सची एक कंपनी हेगमध्ये उभी राहिली आणि त्यांनी त्याच वर्षी लंडनला ‘जिझेल’ नावाचा बॅले केला.

यात कोण बरोबर कोण चूक यावर ग्रुपवर दोन दिवस भांडण झालं होतं, ते परत नको. एवढंच सांगते की त्या दौऱ्यांमध्ये ‘रशियन’ नावाखाली युक्रेनियन, कझाक, जपानी, सगळ्या पोरी एका रांगेत उभ्या असायच्या. तुम्ही आता जे बघायला जाल त्यावर नाव कोणाचंही असेल, पण नाच तोच, पीटर्सबर्गला घडलेला.

म्हणजे ‘स्वान लेक’ पीटर्सबर्गचं? मी तर मॉस्को ऐकलं होतं.

दोन्ही. पहिला प्रयोग मॉस्कोला, बोलशोयमध्ये, ४ मार्च १८७७ ला. संगीत चायकोव्स्कीचं, त्याला त्याचे आठशे रूबल मिळाले. नाच बसवला होता रायझिंगर नावाच्या माणसाने आणि तो लोकांना फारसा भावला नाही. साफ आपटलं असं सगळीकडे लिहितात पण १८८३ पर्यंत चाळीसेक प्रयोग झाले, आपल्याकडे चाळीस प्रयोग झालेल्या नाटकाला कोणी पडलेलं म्हणेल का सांगा. पण गाजलं असंही नाही.

चायकोव्स्की १८९३ मध्ये गेला. त्यानंतर पीटर्सबर्गला मारिन्स्कीमध्ये जानेवारी १८९५ ला हा बॅले नव्याने उभा केला, आणि आपण आज बघतो ते बहुतेक याच्यावरून आलेलं. मारियस पेटिपा, म्हातारा फ्रेंच उस्ताद, याने राजवाड्याचे अंक केले, आणि त्याचा सहायक लेव्ह इवानोव याने तळ्याचे दोन. गंमत बघा, लोकांच्या डोळ्यांसमोर ‘स्वान लेक’ म्हटलं की जे येतं, पांढऱ्या मुलींच्या रांगा, धुकं, मान खाली घालून हलणारे हात, ते सगळं सहायकाचं काम आहे. पोस्टरवर मात्र पेटिपाचं नाव आधी. चालायचंच.

म्युझिक लाइव्ह असतं का?

तिकीट काढायच्या आधी हे एकच विचारा, बाकी काही नाही विचारलं तरी चालेल. काही कंपन्या आख्खा ऑर्केस्ट्रा बसमध्ये घालून आणतात, काही रेकॉर्डवर नाचतात. मी एकदा न बघता तिकीट काढलं आणि स्पीकरवर ऐकावं लागलं, नाच चांगला होता पण मला दोन तास फसवल्यासारखं वाटत राहिलं. ओडेट-सिगफ्रीडचा जो हळू नाच आहे दुसऱ्या अंकातला, त्यात एक व्हायोलिन एकटं वाजतं आणि मग खालून चेलो येऊन त्याला भेटतं. लाइव्ह असेल तर कंडक्टरची मान वर असते, ती मुलगी एका पायावर किती वेळ टिकतेय ते बघून तो सूर ओढतो किंवा सोडतो. तबलजी आणि नाचणारी यांच्यात जे चालतं तेच. रेकॉर्ड कोणासाठी थांबत नाही.

ती धून, बाय द वे, चायकोव्स्कीने आपल्याच एका जुन्या ऑपेरातून उचललीय, जो ऑपेरा त्याने स्वतःच नष्ट केला होता.

कुठली सीट घ्यावी?

पहिल्यांदा जात असाल तर वरची, बाल्कनीच्या पुढच्या रांगेतली. खालून चेहरे दिसतात पण रांगा दिसत नाहीत, आणि हंसिणींच्या अंकात सगळी मजा रांगांची आहे, तिरक्या, गोल, मधून फुटून दोन्हीकडे जाणाऱ्या. दुसऱ्यांदा जाल तेव्हा खाली तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसा, तेव्हा पायांचा आवाज ऐकू येतो. याच्याबद्दल कोणी सांगतच नाही. लांबून तरंगतायत असं वाटतं आणि जवळून टक टक टक टक, सोळा जणींच्या बुटांची टोकं, पावसाचे पहिले थेंब पत्र्यावर पडतात तसा आवाज.

काही जुन्या इंग्लिश थिएटरांत पुढच्या सीटच्या पाठीला लहानशी दुर्बीण अडकवलेली असते, नाणं टाकलं की सुटते. एक पाउंडाचं नाणं जवळ ठेवा. आता कोणाकडे नाणीच नसतात, मग शेजारच्या आजीकडे मागावं लागतं, आणि ती देते.

ते चार छोटे हंस कधी येतात?

दुसऱ्या अंकात, दीड-दोन मिनिटं फक्त. चौघी जणी हात एकमेकींच्या समोरून क्रॉस करून धरतात आणि सोडायचेच नाहीत. आता डान्सर तोल सांभाळतो हातांनी, तेच बांधलेले. एकीने चूक केली तर चौघी जातात. पाय एकत्र, माना एकत्र, इकडे, तिकडे, खाली. मी इतक्या वेळा बघितलंय तरी ते सुरू झालं की श्वास रोखून बसते. एका वर्षी चौथीची मान अर्ध्या मात्रेने उशिरा वळली, एकदाच, आणि बाहेर आल्यावर आख्खं पब्लिक त्या एका मानेबद्दल बोलत होतं. बिचारी.

३२ गिरक्यांचं काय ते?

ओडील, म्हणजे काळी, तिसऱ्या अंकात एका पायाच्या टोकावर उभी राहून दुसऱ्या पायाने चाबूक मारल्यासारखा झटका देत जागच्या जागी फिरते, ३२ वेळा. याला फुएते म्हणतात. हे आणलं पिएरिना लेन्यानी या इटालियन बाईने, १८९५ च्या प्रयोगात ओडेट आणि ओडील दोन्ही तीच होती. त्याच्या आधी, १८९३ मध्ये, तिने पीटर्सबर्गला ‘सिंड्रेला’मध्ये हे करून दाखवलं होतं आणि तिथल्या मुलींची झोप उडवली होती. मग क्शेसिन्स्काया नावाच्या रशियन बाईने जिद्दीने शिकून घेतलं आणि तेव्हापासून हा नियमच झाला.

चक्कर का येत नाही? डोकं बघा, अंग नका बघू. डोकं सगळ्यात शेवटी वळतं आणि सगळ्यात आधी परत येतं, डोळे समोरच्या एका ठिकाणी खिळलेले.

बत्तीस मोजू नका. म्हणजे मोजालच, सगळे मोजतात, माझी मुलगी मोठ्याने मोजायची. पण माया प्लिसेत्स्काया, बोलशोयची दंतकथा, तीस वर्षं हा रोल केला तिने, ती बहुतेक वेळा ही बत्तीस करायचीच नाही, त्याऐवजी स्टेजभर गोल फेरी घ्यायची, आणि कोणाची हिंमत नव्हती काही बोलायची. खरी कसोटी वेगळीच आहे. एकच मुलगी अर्ध्या तासापूर्वी मान खाली घालून थरथरत होती आणि आता त्याच हातांनी त्याच माणसाला फसवतेय, आणि मध्येच एक क्षण मुद्दाम ओडेटसारखी मान कलती करते, त्याला ओढायला. ते दिसलं की बत्तीसच्या ऐवजी अठ्ठावीस झाल्या तरी मी माफ करते.

शेवटी जगतात की मरतात?

कोणाचं व्हर्जन आहे त्यावर. १८९५ मध्ये दोघंही तळ्यात उडी घेऊन मरतात, प्रेमामुळे जादूगाराची सत्ता संपते, आणि मग दोघं वरच्या जगात एकत्र दिसतात. सोव्हिएत सरकारला रडका शेवट पटत नव्हता, चांगल्याचा विजय पाहिजे, म्हणून १९५० च्या किरोवच्या व्हर्जनमध्ये राजपुत्र रॉथबार्टचा पंख उपटतो, रॉथबार्ट मरतो आणि दोघं सुखाने राहतात. बोलशोयसाठी नाच बसवणाऱ्या ग्रिगोरोविचला १९६९ मध्ये दुःखी शेवट हवा होता, करू दिला नाही, शेवटी २००१ मध्ये त्याने आपल्या मनासारखा करून घेतला.

दौऱ्यावर बहुतेक सुखांतवालं मिळतं. पंख उपटण्याचा सीन दरवेळी थोडा विनोदी होतो हे मान्य करूया, एकदा पंख आधीच निघाला होता आणि रॉथबार्टने तो स्वतःच धरून ठेवला. पण संगीत ऐका त्या वेळी. संगीत सरळ सांगतंय की हे बुडणार आहेत.

टाळ्या कधी वाजवायच्या? वन्स मोअर देता येतो का?

सिम्फनीच्या मैफलीसारखं टाळ्यांचं टेन्शन इथे नाही. नाच संपला, डान्सर पुढे येऊन वाकला, की वाजवा. रशियन डान्सर्स तर दर तुकड्यानंतर येऊन सावकाश वाकतात, नऊवारी सांभाळत नमस्कार करणाऱ्या नटासारखे. फुएते चालू असतानाही लोक टाळ्या सुरू करतात, ती चूक धरली जात नाही. वन्स मोअर मात्र नाही. संगीत नाटकात एकेका पदाला तीन-तीन वन्स मोअर व्हायचे, पण गळा आणि पाय यात फरक आहे हो.

बोटांवर उभं राहून दुखत नाही का? बुटात लाकूड असतं ना?

दुखतं. लाकूड नसतं, कापड, कागद आणि खळीचे थर देऊन टोक कडक केलेलं असतं, वरून सॅटिन. नवा बूट इतका कडक असतो की त्या मुली तो आधी जिन्यावर आपटतात, दारात घालून वाकवतात, रिबिनी स्वतः शिवतात. मोठ्या रोलला एक जोड एका रात्रीत संपतो. घसरू नये म्हणून तळाला राळ घासतात, विंगेत राळेचं एक खोकं असतं आणि एंट्रीच्या आधी प्रत्येक जण त्यात पाय घासून जातो, पहिलवान हाताला माती लावतो तसं. दौऱ्यावर प्रत्येक गावचं स्टेज वेगळं, कुठे फळ्या उचकटलेल्या, कुठे पुढे उतार, म्हणून कंपन्या आपलं रबरी फ्लोअर गुंडाळून बरोबर आणतात आणि टेपने चिकटवतात. शिक्षण म्हणाल तर दहाव्या वर्षी शाळेत घेतात आणि आठ वर्षं घासतात. पीटर्सबर्गची शाळा १७३८ पासून चालू आहे.

तो मरणारा हंस कितव्या अंकात आहे?

या बॅलेत नाहीच! हा घोळ सगळ्यांचा होतो. तो वेगळा, चारेक मिनिटांचा एकटीचा नाच, संगीत सँ-साँसचं, फोकीनने ॲना पावलोव्हासाठी बसवलेला. पावलोव्हा म्हणजे दौऱ्यांची राणी. आपल्या मुंबईतसुद्धा येऊन गेली, १९२२-२३ च्या दौऱ्यात आणि पुन्हा १९२८-२९ च्या. आणि इथे आपला संबंध येतो: अजिंठ्याच्या चित्रांवरून तिने १९२३ मध्ये लंडनला एक बॅले केला, त्याच वर्षी राधाकृष्णाच्या नाचात तिच्याबरोबर तरुण उदयशंकर होता. मुंबईच्या लीला सोखी, म्हणजे मॅडम मेनका, त्यांनाही नाचाकडे वळायला पावलोव्हाने बळ दिलं, आणि त्याच मेनकाबाईंनी पुढे खंडाळ्याला नाचाची शाळा काढली. लोणावळा-खंडाळा म्हणजे चिक्की आणि धुकं एवढंच आपल्याला माहीत.

पावलोव्हा १९३१ मध्ये हेगला गेली, दौऱ्यावर असतानाच. दुसऱ्या दिवशी म्हणे कंपनीने प्रयोग केला आणि हंसाच्या नाचाच्या वेळी रिकाम्या स्टेजवर नुसता प्रकाश फिरत राहिला. सांगतात असं.

भारतावरचा पण एक बॅले आहे ना?

‘ला बयादेर’. तोही १८७७ चा, पेटिपाचा. देवळातली नर्तकी निकिया, योद्धा सोलोर, राजाची मुलगी, मत्सरी ब्राह्मण, फुलांच्या टोपलीत साप. नावं बघून हसू येतं, कपडे बघून जास्त. पण बयादेर हा शब्द पोर्तुगीज बायलादेरावरून आलेला, म्हणजे तुम्ही गोव्याचे असाल तर हा शब्द तुमच्या घराजवळचाच. त्यातला सावल्यांचा अंक, उतारावरून एकामागून एक उतरणाऱ्या पांढऱ्या मुली, तो मिळाला तर सोडू नका, बाकीच्या भारताकडे दुर्लक्ष करा.

मुलांना न्यावं का? आणि सासूबाई आल्यात त्यांना?

सहा-सातच्या खालच्यांना ‘नटक्रॅकर’ला न्या, ते छोटं आहे आणि त्यात उंदीर आहेत. ‘स्वान लेक’चा दुसरा अंक लहान मुलांना जड जातो.

सासूबाईंना नक्की न्या. माझ्या सासूबाईंना मी घाबरत घाबरत नेलं होतं, तंग कपड्यातल्या पुरुषांवरून काय म्हणतील म्हणून. इंटरव्हलला म्हणाल्या, “पोरी फार वाळक्या आहेत गं, पण एकीचंही लक्ष इकडे तिकडे नाही.” घरी परत येताना गाडीत त्यांनी मान आणि हात हलवून छोटे हंस करून दाखवले.

काय घालावं? आत खायला मिळतं का?

काहीही घाला, जीन्स चालते. मॅटिनीला तर थर्मास घेऊन आलेले आजी-आजोबा असतात. इंटरव्हलला आइस्क्रीमचा छोटा डबा मिळतो, त्याचा चमचा झाकणात लपवलेला असतो, पहिल्यांदा सापडत नाही. वडा मिळत नाही. नाट्यगृहात वडा नाही हे मला अजून पटलेलं नाही.

रशियात काही गडबड झाली की टीव्हीवर हेच लावतात, खरं का?

ऑगस्ट १९९१ मध्ये, गोर्बाचेव्हविरुद्ध उठाव झाला तेव्हा सोव्हिएत टीव्हीवर बातम्यांऐवजी ‘स्वान लेक’ परत परत दाखवत होते. त्याच्या आधी मोठे नेते गेले तेव्हाही नेहमीचे प्रोग्राम बंद करून असंच काहीतरी गंभीर लावायचे. त्यामुळे तिकडच्या एका पिढीला ते छोटे हंस दिसले की आधी पोटात गोळा येतो. माझ्यासाठी उलट, आमच्या घरी गुळगुळीत कागदाची रशियन मासिकं यायची, वह्यांना कव्हर घालायला एक नंबर, आणि माझ्या पाचवीच्या भूगोलाच्या वहीवर एक पांढरी मुलगी एका पायावर उभी होती वर्षभर. ते काय आहे हे कळायला मला वीस वर्षं लागली.

दरवर्षी तेच बघून कंटाळा येत नाही? स्टोरी तर तीच.

संगीत नाटकाला लोक स्टोरीसाठी जायचे का? आज कोण गातंय बघायला जायचे. इथेही कास्टचा कागद आत गेल्यावर मिळतो आणि त्यात ऐन वेळी बदल असतो, कोणाचा पाय मुरगळलाय, कोणी कालच दोन प्रयोग केलेत.

आणि आता मी ओडेटकडे फार बघतही नाही. मी एक आवडती जागा धरते, डावीकडची शेवटची हंसिणी. राणीचा नाच चालू असतो तेव्हा बाकीच्या दोन्ही बाजूंना पुतळ्यासारख्या उभ्या असतात, एक पाय मागे, हात पुढे क्रॉस, कितीतरी मिनिटं, नाक खाजलं तरी हलायचं नाही. मागच्या वेळी त्या शेवटच्या मुलीच्या टाचेला चिकटपट्टी होती, टाइट्सच्या आतून दिसत होती, आणि तिच्या पोटाच्या हालचालीवरून कळत होतं की ती मोजतेय. प्रयोग संपल्यावर आम्ही गाडी काढायला थिएटरच्या मागच्या बाजूला गेलो तर बस चालू करून उभी होती, सेटचे राजवाडे गुंडाळून ट्रकमध्ये चाललेले, आणि ती मुलगी, तीच, केसांचा अंबाडा तसाच, मोठं जाकीट घालून सुपरमार्केटची पिशवी घेऊन पायरीवर बसून केळं खात होती. मी हात केला. तिने केळं धरलेल्या हाताने परत हात केला आणि बसमध्ये चढली.